आधी झोप, मग विषय

अमेरिकेतल्या हायस्कुलांत हिवाळा संपता संपता पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म घरी येतो. नववी ते बारावी अशी ही चार वर्षांची शाळा. आपल्याकडे इयत्ता ठरली की बहुतेक विषयही ठरतात. तिथे तसं नसतं. तोच विषय साध्या पातळीवर घेता येतो, 'ऑनर्स' पातळीवर घेता येतो, किंवा 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे एपीच्या पातळीवर घेता येतो. एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास हायस्कुलातच करणं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर काही निवडक शाळांमधल्या हुशार मुलांसाठी हा उपक्रम सुरू झाला. आज कॉलेज बोर्ड ही संस्था चाळीसच्या आसपास विषयांत एपीचे अभ्यासक्रम चालवते, दर मे महिन्यात परीक्षा घेते आणि १ ते ५ असे गुण देते. अनेक शाळांत साध्या विषयातल्या 'ए' श्रेणीला ४ अंक, तर एपीतल्या 'ए'ला ५ अंक धरतात. त्यामुळे अशा शाळांत चारच्या वरची सरासरी हवी असेल तर वाढीव अंकांचे विषय घ्यावेच लागतात. याच्या जोडीला कॉलेजच्या अर्जातला उपक्रमांचा रकाना असतो. शेकडो कॉलेजं वापरतात त्या 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जात दहा उपक्रमांसाठी जागा आहे. दहा जागा दिसल्या की त्या दहाही भरल्या पाहिजेत असं मुलांना वाटतं आणि पालकांना तर वाटतंच. या सगळ्यात मुलाची तब्येत आणि मन ठिकाणावर राहावं म्हणून 'समतोल साधा' असा सल्ला शाळेचे समुपदेशक देतात. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण नेमकं काय मोजायचं ते त्यात सांगितलेलं नसतं. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे की मोजायची गोष्ट एकच आहे आणि ती म्हणजे झोप. ती आधी ठरवायची, मग उरलेल्या तासांत बसतील तेवढेच विषय आणि तेवढेच उपक्रम घ्यायचे. आज बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

एक हिशोब मांडून पाहू. हा कुणा एका मुलाचा दिवस नाही. पण अकरावीत चार एपी घेतलेलं आणि शाळेच्या ऑर्केस्ट्रात किंवा पोहण्याच्या संघात असलेलं मूल साधारण असाच दिवस काढतं. शाळा आणि बसचा प्रवास मिळून आठ तास. गृहपाठ चार तास. सराव अडीच तास. आंघोळ, जेवणं, आवराआवर आणि घरच्यांशी चार शब्द यांचे अडीच तास. बेरीज सतरा. उरतात सात, तेही मित्राशी एकदाही न बोलता, फोनला हात न लावता आणि अंथरुणावर पडताक्षणी झोप लागली तर. त्यात वादविवाद मंडळ आणि एखादी स्वयंसेवी संस्था घाला, की सातांचे सहा होतात. आपल्या मराठी घरांत याच्या वर तबल्याची किंवा भरतनाट्यमची शिकवणी असते आणि रविवारी मराठी शाळा असते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर चांगलीच आहे, आणि अडचण इथेच सुरू होते. कशालाही नाही म्हणायला सबळ कारण सापडत नाही, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. दिवस चोवीस तासांचाच राहतो. शाळेची घंटा हलत नाही, सामन्याची वेळ हलत नाही, गृहपाठाची मुदत हलत नाही. हलवता येते ती एकटी झोपायची वेळ. कॅलिफोर्नियातल्या दहा नावाजलेल्या हायस्कुलांतल्या ४,३१७ मुलांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रोजच्या गृहपाठाची सरासरी तीन तासांहून थोडी अधिक निघाली, म्हणजे वरचा हिशोब काही फुगवलेला नाही. देशभरचं चित्रही वेगळं नाही. अमेरिकी सरकारच्या आरोग्य पाहण्यांत शाळेच्या रात्री आठ तासांहून कमी झोपणारी हायस्कुलची मुलं दहापैकी सातांच्या वर आढळली आहेत.

आठ तासांची ही रेषा कुणी मनाने ओढलेली नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली १३ ते १८ या वयासाठी आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली. या वयाची एक गोष्ट बहुतेक घरांना ठाऊक नसते आणि तिच्यामुळे फार भांडणं होतात. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे रात्री अकराच्या आधी झोप येणं बऱ्याच मुलांना खरोखरच जड जातं. सकाळी उठवताना आपण ज्याला आळस म्हणतो तो पुष्कळदा शरीराचा धर्म असतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांनी हे अनेक वर्षं तपासलं. १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली मुलं नववीतून दहावीत गेली तेव्हा त्यांची शाळा ८:२५ ऐवजी ७:२० ला भरू लागली होती. मुलं त्या प्रमाणात लवकर झोपू लागली नाहीत, त्यांची झोप फक्त कमी झाली. सकाळी प्रयोगशाळेत त्यांना झोपण्याची संधी दिली, तेव्हा दहावीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना डोळा लागल्यावर काही मिनिटांतच स्वप्नावस्थेची झोप लागली. असं एरवी नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराच्या रुग्णांत दिसतं. शरीराने वर्गात बसलेली ही मुलं मेंदूने अजून रात्रीतच होती. पहिल्या तासाला एपी कॅल्क्युलस ठेवणाऱ्या प्रत्येक वेळापत्रकाने हा अभ्यास विचारात घ्यायला हवा होता.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, झोप कमी होते, पण त्या बदल्यात अभ्यास तर होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास जास्त जागलं तर दोन तासांचा फायदाच ना? या प्रश्नाचं थेट उत्तर देणारा एक अभ्यास आहे. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ विद्यार्थ्यांनी नववी, दहावी आणि बारावी या वर्षांत प्रत्येकी चौदा दिवस रोजची नोंद ठेवली: किती वेळ अभ्यास केला, किती वेळ झोपलो, दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलेलं कळलं का, चाचणी कशी गेली. ॲंड्र्यू फुलिग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली त्याचा निष्कर्ष मांडला. या अभ्यासाची खुबी अशी की त्यात हुशार मुलाची तुलना सामान्य मुलाशी केलेली नाही. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच इतर दिवसांशी केली आहे. आणि दिसलं काय? मूल एरवी कितीही अभ्यास करत असो, नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी त्याने झोप तोडली की दुसऱ्या दिवशी वर्गात न समजण्याचे आणि चाचणी बिघडण्याचे प्रसंग वाढतात. वय वाढेल तसा हा परिणाम ठळक होत जातो, कारण वरच्या वर्गांत जादा अभ्यासाचा वेळ बहुधा झोपेतूनच काढला जातो. यामागचं कारणही आता बरंच उलगडलं आहे. दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू मोठ्या प्रमाणावर झोपेत करतो. रात्री एकला वाचलेलं प्रकरण आणि त्यानंतर पाच तासांची झोप, या व्यवहारात वाचलेलंही पुरतं हाती लागत नाही.

'शनिवार-रविवारी भरून काढतील' हा पुढचा युक्तिवाद. सिंगापूरमध्ये ड्यूक-एनयूएस या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी १५ ते १९ वयाच्या मुलांवर हेच तपासलं. एका गटाला आठवडाभर रोज पाच तासच झोपू दिलं, मग दोन रात्री नऊ-नऊ तास झोपायची मुभा दिली. आठवडा पुढे सरकला तसं पाच तासवाल्यांचं लक्ष ढासळत गेलं, मूड बिघडत गेला आणि दोन रात्रींच्या भरपाईनंतरही लक्ष पूर्वपदावर आलं नाही. 'माझ्या मुलाला सहा तास पुरतात' असं सांगणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रौढांवर झालेल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास झोपणाऱ्यांची कामगिरी सतत घसरत गेली, पण त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे पेंगुळलेलो नाही असंच वाटत राहिलं. झोप कमी पडते आहे हे ओळखण्याची ताकदच कमी झोपेत हरवते. म्हणून 'मला काही होत नाही' हे मुलाचं सांगणं खोटं नसलं तरी पुरावा म्हणून चालणार नाही.

फोनचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. अनेक पालक म्हणतात, झोप एपीमुळे जात नाही, पांघरुणाखालच्या स्क्रीनमुळे जाते. यात तथ्य आहे. रात्री फोन खोलीबाहेर ठेवणाऱ्या घरांना त्याचा फायदा होतो आणि तो नियम प्रत्येक घरात असावा असं मलाही वाटतं. पण कार्सकाडन यांची ती मुलं १९९८ सालची आहेत, म्हणजे पहिला आयफोन येण्याच्या जवळजवळ एक दशक आधीची. पेंगणारी मुलं तेव्हाही होतीच. शिवाय रात्री साडेअकराला गृहपाठ संपवलेलं मूल जेव्हा अर्धा तास मित्रांचे निरोप वाचत पडतं, तेव्हा तो अर्धा तास त्याच्या दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. तो दिवसात कुठे दिला असता तर रात्री चोरावा लागला नसता. फोन काढून घेऊन वेळापत्रक तसंच ठेवणं हा अर्धाच उपाय आहे.

उपक्रमांच्या बाबतीत मला न्याय करायचा आहे, कारण दमलेल्या मुलाला पाहून पालक पहिली कुऱ्हाड चालवतात ती खेळावर आणि संगीतावर. पुरावा याच्या विरुद्ध आहे. संघात खेळणाऱ्या, नाटकात किंवा बँडमध्ये असणाऱ्या मुलांचं शाळेत मन जास्त रमतं, त्यांना मित्र मिळतात, शाळा सोडण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी असतं, हे अमेरिकेतल्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. संपन्न उपनगरांतल्या मुलांवर आयुष्यभर काम केलेल्या, भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांनी २००६ साली आठवीतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपक्रम जास्त म्हणून मूल खचलं, असं त्यांना जवळजवळ दिसलंच नाही. मुलांच्या त्रासाशी जास्त जोडलेली निघाली ती आईवडिलांची टीका. म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरचे दोन तास मुलाला सहसा थकवत नाहीत. घरी येताना गाडीत 'आज गोल का चुकला' या चौकशीने ते थकतं. अर्थात इथेही मर्यादा आहे. दहावीतल्या मुलांच्या राष्ट्रीय माहितीवर आधारलेल्या २०१२च्या एका अभ्यासात उपक्रमांचा शैक्षणिक फायदा एका टप्प्यापर्यंत वाढताना आणि उपक्रमांची संख्या व तास फार झाले की घटताना दिसला. खेळाडूंना तर झोप इतरांपेक्षाही जास्त लागते. लॉस एंजेलिसमधल्या ११२ शालेय खेळाडूंच्या २०१४ सालच्या अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट निघाली. मनापासून जपलेले एक-दोन उपक्रम ठेवावेत आणि अर्जातला रकाना भरण्यासाठी धरलेले पाच सोडावेत, हा माझा निष्कर्ष. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, आपल्या अर्जात मुळात चारच उपक्रम विचारते. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' या प्रकल्पाने २०१६ साली काढलेल्या अहवालात, ज्याला अनेक कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला, उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांतल्या गुंतवणुकीकडे पाहावं आणि एपीच्या संख्येचा हव्यास थांबवावा असंच म्हटलं होतं.

हा वाद कागदावरचा नाही हे न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शाळा जिल्ह्याने दाखवून दिलं. प्रिन्स्टनच्या शेजारचा हा भाग. औषध आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत काम करणारी भारतीय आणि चिनी कुटुंबं इथे दाट वस्तीने आहेत, त्यांत मराठीही आहेत. २०१५ साली जिल्ह्याचे अधीक्षक डेव्हिड आडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याची तपासणी करून घेण्याची शिफारस करावी लागली आणि ४० जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, असं त्यात नमूद होतं. त्यांनी काही रात्री गृहपाठमुक्त केल्या, हायस्कुलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, चौथी-पाचवीतला प्रगत गणिताचा वर्ग काढला. गाव दुभंगलं. जिल्ह्यात आशियाई वंशाची मुलं तेव्हा सुमारे ६५ टक्के होती आणि त्यांच्या पालकांपैकी अनेकांना वाटलं की आमच्या मुलांनी मेहनतीने मिळवलेली जागा आता अभ्यासाची पातळी खाली आणून काढून घेतली जाते आहे. गोऱ्या पालकांपैकी अनेकांनी बदलांचं स्वागत केलं. या भांडणात दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं सत्य होतं. नऊ वर्षांच्या गणितवेड्या मुलाला त्याच्या गतीचं गणित नाकारणं हा ताणावरचा उपाय नव्हे. त्या मुलाला तो वर्ग आनंद देत असतो. पण रुग्णालयात गेलेली ४० मुलं हाही आकडाच आहे आणि त्याच्यासमोर 'आमच्या वेळी तर यापेक्षा जास्त होतं' हे उत्तर फार तोकडं पडतं. २०१८ साली रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालाने किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याला घातक अशा परिस्थितींची यादी केली. तिच्यात गरिबी, आघात आणि भेदभाव यांच्या पंक्तीला यशाचं अतिरेकी दडपण बसवलं होतं. ज्या शाळांमध्ये जागा मिळावी म्हणून लोक घरं बदलतात, त्या शाळांबद्दल हे लिहिलेलं आहे.

मग कठीण विषय घेऊच नयेत का? असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. अमेरिकी शिक्षण खात्यासाठी क्लिफर्ड ॲडलमन यांनी १९९९ साली केलेला अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो. हायस्कुलात घेतलेल्या अभ्यासक्रमाची खोली आणि दर्जा यांवरून पुढे पदवी पूर्ण होईल की नाही हे परीक्षेतल्या गुणांपेक्षा किंवा वर्गातल्या क्रमांकापेक्षा जास्त चांगलं सांगता येतं, असं त्यात दिसलं. कठीण विषय मुलाला घडवतात. प्रश्न आहे तो किती हा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवाराने आपल्या विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे गुण त्यांनी हायस्कुलात घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांशी ताडून पाहिले. पाच विषयांपर्यंत फायदा वाढत जातो, त्यापुढे वाढत नाही, असं आढळल्यावर विद्यापीठाने ते उघड सांगितलं. हे पाच चार वर्षांत मिळून आहेत, एका वर्षात नव्हेत. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी जी सरासरी काढतं तिच्यात ऑनर्स-एपीचे वाढीव अंक जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांपुरते धरले जातात. अर्ज वाचणारे बाकीचे विषयही पाहतात हे खरं, पण बाराव्या एपीसाठी रात्रीचे दोन तास देणाऱ्या मुलाला ही मर्यादा कुणीतरी सांगितलेली असायला हवी. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल हायस्कुलने २००७च्या सुमारास एपीचं लेबलच काढून स्वतःचे प्रगत विषय सुरू केले. २०१८ साली वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खाजगी शाळांनीही एपी बंद करण्याचं जाहीर केलं. त्या शाळांना ते परवडतं कारण त्यांचं नाव कॉलेजांना ठाऊक असतं. प्रत्येक सरकारी शाळेला ते जमेल असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप स्थलांतरित पालकांचा आहे आणि तो मला मनापासून समजतो. ते म्हणतात: आमच्या मुलांना ना आजोबांचं कॉलेज, ना ओळखी, ना देणगी; गुण हीच आमची एक शिडी, ती तुम्ही का कापता? २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी दाखवलं की सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना आयव्ही लीगसारख्या बारा खाजगी विद्यापीठांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. तेव्हा तक्रार खोटी नाही. पण याच अभ्यासाचा दुसरा भाग वाचला पाहिजे. या विद्यापीठांत शिकल्याने अगदी वरच्या एक टक्का कमाईत जाण्याची शक्यता वाढते, सरासरी कमाईत मात्र फारसा फरक पडत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्येच याच्या जवळचं सांगितलं होतं: बड्या कॉलेजांत अर्ज केलेली, पण कमी नावाजलेल्या कॉलेजात शिकलेली तितकीच हुशार मुलं पुढे जवळपास तेवढंच कमावतात. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नावाजलेल्या कॉलेजाचा ठळक फायदा झाला. सॉफ्टवेअर अभियंता आणि औषधशास्त्रज्ञ यांच्या मुलाला तो अपवाद लागू होत नाही. शंभर अर्जांत चारांनाच घेणाऱ्या कॉलेजासाठी चार वर्षांची झोप गहाण ठेवताना समोर नेमकं काय मिळणार आहे, हे एकदा शांतपणे पाहावं. शिडी कापा असं मी म्हणत नाही. पाचव्या पायरीनंतरच्या पायऱ्या वर नेत नाहीत, एवढंच आकडे सांगतात.

आणि ज्या शाळांत एपी मिळतच नाही, जिथली मुलं शाळा सुटल्यावर किराणा दुकानात कामाला जातात, त्यांचं काय? हा आक्षेप बरोबर आहे. झोप त्यांचीही जाते, वेगळ्या कारणाने. म्हणूनच घराघरातल्या शहाणपणावर सगळं सोडून चालत नाही; शाळेची वेळ बदलली तर त्याचा लाभ सगळ्यांना मिळतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा ८:३० च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. सिअ‍ॅटलने २०१६ साली हायस्कुलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून पाहिलं, तर झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली होती. मुलं जास्त वेळ जागत बसतील ही भीती खरी ठरली नाही. ज्या विषयाच्या वर्गात हे तपासलं त्यात गुण ४.५ टक्के जास्त होते, आणि तपासलेल्या दोन शाळांपैकी जिच्यात गरीब घरांतली मुलं जास्त होती तिथे उशीर आणि गैरहजेरी कमी झाली. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला आणि २०२२ पासून तिथली बहुतेक सरकारी हायस्कुलं ८:३० च्या आधी भरू शकत नाहीत.

महाराष्ट्रातही २०२४ साली शाळेच्या वेळेचा निर्णय झाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा तो निर्णय आहे. चिमुकल्यांना पहाटे उठवण्याचा जाच थांबला हे चांगलंच झालं. पण शरीराचं घड्याळ पुढे सरकतं ते या वयात नाही, त्यानंतर सरकतं. सातच्या सत्रात बसणारी आठवी-नववीची मुलं आणि सकाळी कॉलेज, दुपारी जेईई-नीटचा क्लास, रात्री टेस्ट सिरीज असा दिवस काढणारी अकरावी-बारावीची मुलं या निर्णयाच्या बाहेर राहिली. उशिरा भरणाऱ्या शाळेची गरज खरी त्यांना आहे. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांत आयबी डिप्लोमा करणारी मुलं सहा विषय, ४,००० शब्दांचा निबंध आणि सक्तीचे उपक्रम सांभाळून त्याच अमेरिकी कॉलेजांचे अर्ज भरत असतात. तेव्हा वरचा हिशोब आपल्यापासून फार लांबचा नाही.

विषय निवडताना करायचं काय, ते सांगतो. शाळा किती वाजता भरते ते पाहा. तयारी आणि प्रवासाचा वेळ वजा करून उठायची वेळ काढा, तिच्यातून साडेआठ तास मागे जा आणि ती झोपायची वेळ फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. मग मुलाला विचारा, खेळ, वाद्य, नाटक यांतलं कुठलं एक गेलं तर त्याला खरंच वाईट वाटेल. ते आधी ठेवा. आदल्या वर्षी तो विषय घेतलेल्या मुलांना आणि शिक्षकांना रोजचा गृहपाठ किती तासांचा असतो ते विचारा, कारण सगळे एपी सारखे नसतात. भौतिकशास्त्र आणि इतिहास यांचं ओझं मानसशास्त्राच्या मानाने पुष्कळ जास्त असतं. दिवसात तासभर पूर्ण मोकळा सोडा. उरलेल्या तासांत जितके कठीण विषय बसतील तितके घ्या, आणि ते मुलाच्या आवडीचे घ्या. एखाद्या हुशार मुलाच्या बाबतीत ते चार निघतील, दुसऱ्याच्या बाबतीत दोन. शेजारच्या घरातले सात ऐकून हा आकडा बदलू नका. आणि त्या फॉर्मवर पालकाची सही लागते, तेव्हा कोपऱ्यातली झोपायची वेळ आणि खालची विषयांची यादी जुळत नसेल तर कृपा करून सही करू नका. यादीतला एक विषय खोडा आणि मग करा.